त्या रात्री ते कशावर झोपले?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि जिना चढून आलेल्या मित्रहो,

जिन्याचा उल्लेख मुद्दाम करतोय. या सभागृहाच्या जिन्याला २४ पायऱ्या आहेत. वीसेक किलोचा १६ एमएमचा प्रोजेक्टर घेऊन त्या ज्याने चढल्यात, त्याला हा आकडा विसरता येत नाही. सर म्हणायचे, "सेकंदाला २४ चौकटी, महिन्याला २४ पायऱ्या. हिशेब जुळला." ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्यांना गावात कुणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचे ते 'सर'. मीही आज तेवढंच म्हणणार आहे. त्यांना व्याख्यानांचा मनस्वी कंटाळा होता. वक्ता चाळीस मिनिटांच्या पुढे गेला की ते उठून मागच्या खिडकीचा काळा पडदा ओढायला लागायचे. म्हणजे आता दिवा घालवतो, अशी धमकी. तो पडदा अजून तिथेच आहे. मी घड्याळ समोर ठेवलंय. (हशा)

मला पत्रातून विषय कळवला होता तो 'चित्रपट संस्कृती आणि समाज'. एवढा मोठा घास मला झेपणारा नाही. मी सिनेमा केलेला नाही, सिनेमावर पुस्तक लिहिलेलं नाही. मी खुर्च्या लावल्यात. रिळं एसटी स्टँडवरून आणलीत आणि परत पोचवलीत. सरांच्या हाताखाली मशीन चालवायला शिकलो. तेव्हा मी आज एवढ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे, की एका छोट्या जागेत, ओळखीच्या माणसांना, ठरल्या वेळी सिनेमा दाखवणं म्हणजे काय काम असतं. सिनेमा करणाऱ्यांबद्दल खूप लिहिलं जातं, बघणाऱ्यांबद्दलही अधूनमधून लिहितात. दाखवणारा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. श्रेयनामावली सरकत असते तेव्हा तो खाली वाकून वायर गुंडाळत असतो.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. गावात दोन टॉकीज होत्या, एकीत हिंदी आणि दुसरीत जुनं हिंदी. सरांनी वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे अर्ज ठेवला की महिन्यातून एका शनिवारी हे सभागृह संध्याकाळी सहा ते नऊ मिळावं. कार्यकारिणीत बरीच भवति न भवति झाली. सिनेमा आणि वाचनालय यांचा संबंध काय, असा प्रश्न निघाला. सरांनी उत्तर दिलं ते इतिवृत्तात नोंदवलेलं आहे: "संबंध नाही म्हणूनच मागतोय." परवानगी मिळाली, अट एकच. सभागृह जसं असेल तसं परत करायचं. म्हणजे सिनेमा संपल्यावर शंभर खुर्च्या भिंतीला लावून ठेवायच्या, सतरंज्या झटकायच्या, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींनी किल्ली ताब्यात घेतल्याशिवाय जायचं नाही.

पडदा विकत घ्यायला पैसे नव्हते. ही समोरची भिंत तेव्हा पिवळट रंगाची होती. सरांनी दोघा विद्यार्थ्यांना घेऊन एका रविवारी तिला चुना दिला, तीन हात. चौकोनाच्या कडा काळ्या रंगाने ओढल्या. त्या अजून दिसताहेत. भिंतीत एक खिळा होता, तो काढला तर पोपडा येईल म्हणून तसाच ठेवला. त्यामुळे आमच्या गावात चार्ली चॅप्लिनपासून स्मिता पाटीलपर्यंत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कधी ना कधी एक तीळ होता.

मशीनबद्दल थोडं सांगतो, कारण ते आता बघायला मिळत नाही. १६ एमएमच्या फिल्मला फुटाला ४० चौकटी असतात. मोठं १६०० फुटी रीळ ४४ मिनिटं चालतं. आमच्याकडे एकच मशीन, म्हणजे दर पाऊण तासाला दिवे लावून रीळ बदलायचं. फिल्म सलग वाहत नाही. प्रत्येक चौकट भिंगामागच्या खिडकीत येऊन थांबते, उजेड पडतो, मग झडप मध्ये येते, अंधार होतो, तेवढ्यात पुढची चौकट खेचली जाते. म्हणजे सिनेमा बघताना जवळजवळ निम्मा वेळ आपण काळोख बघत असतो आणि आपल्याला ते कळत नाही. थांबत थांबत जाणाऱ्या फिल्मला ताण बसू नये म्हणून खिडकीच्या वर आणि खाली फिल्मची एकेक सैल वेटोळी ठेवायची, तिला लूप म्हणतात. आवाजाची पट्टी चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेली असते. खालचा लूप मोठा झाला तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. लूप सुटला की कर्रर्र आवाज येतो, आणि हॉलमधली शंभर माणसं एका दमात मागे वळून बघतात. त्या नजरा ज्याने झेलल्यात त्याला पुढे आयुष्यात परीक्षेची वगैरे भीती वाटत नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून आमच्यासारख्या फिल्म सोसायट्यांना प्रिंट मिळायच्या. पत्र्याच्या पेटीत घालून, पट्ट्याने आवळून त्या एसटीच्या पार्सलने यायच्या. शनिवारी दुपारी स्टँडवर पेटी उतरली नाही तर संध्याकाळी तोंड दाखवायला जागा नसायची. एकदा पेटी पुढच्या तालुक्याला गेली. मी सायकलवरून बावीस किलोमीटर जाऊन, पेटी ट्रकवर चढवून परत आलो, आणि सहाचा सिनेमा सव्वाआठला सुरू झाला. एकही माणूस उठून गेला नव्हता. सरांनी मधला वेळ 'सिनेमा येईपर्यंत' या विषयावर काढला होता, असं मला नंतर कळलं.

आता त्या संध्याकाळकडे येतो, जिच्यासाठी मी हे शीर्षक दिलं आहे.

चित्रपट होता व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज', १९४८ सालचा, इटालियन. आपल्याकडे १९५२ साली मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला तेव्हा तो दाखवला गेला आणि हिंदी सिनेमातल्या विचार करणाऱ्या मंडळींची झोप उडाली. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बीघा ज़मीन' आला. त्याआधी, १९५० साली, सत्यजित राय नोकरीच्या कामासाठी लंडनला गेले असताना त्यांनी 'बायसिकल थीव्ज' पाहिला होता, आणि 'पाथेर पांचाली' कसा करायचा हे त्यांना तिथे उमगलं. हे सगळं सरांनी सुरुवातीला सांगितलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जिच्यावरून आमच्यातल्या शहाण्या लोकांचे त्यांच्याशी कायम वाद व्हायचे. त्यांनी सिनेमाची सबंध गोष्ट मराठीत सांगून टाकली. बेकार माणूस आहे, भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळालंय, पण सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलीये. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहान मुलगा रोमभर सायकल शोधत हिंडतात. शेवटी बाप स्वतः एक सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. संपलं.

"सर, मग बघायचं काय उरलं?" बँकेतल्या एका सभासदांनी विचारलं होतं. सर म्हणाले, "आता फक्त बघायचंच उरलं."

सिनेमा झाला. दिवे लागले. नेहमीप्रमाणे चर्चा सुरू झाली. कॉलेजातले प्राध्यापक नववास्तववादाबद्दल बोलले. कुणी स्टुडिओबाहेरच्या चित्रीकरणाबद्दल बोललं, नायकाचं काम करणारा प्रत्यक्षात कारखान्यातला कामगार होता ही माहिती आली. सगळं बरोबर होतं. मावशी दाराशी किल्ली घेऊन उभ्या होत्या. त्यांना घरी जायची घाई होती, पण त्यांनी आज पहिल्यांदा आत बसून पूर्ण सिनेमा पाहिला होता, थंडी होती म्हणून. सरांनी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला कसा वाटला?"

मावशी म्हणाल्या, "सर, त्या बाईनं चादरी सोडवल्या का पुढं? का तशाच राहिल्या? त्या रात्री ते कशावर झोपले?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. ज्यांनी सिनेमा पाहिलाय त्यांनी आठवून बघा. गहाणवटीच्या दुकानात बाई चादरींचं गाठोडं खिडकीतून आत सरकवते. आतला माणूस ते गाठोडं खांद्यावर टाकून मांडणीकडे जातो आणि शिडीवर चढल्यासारखा वर चढायला लागतो. कॅमेरा त्याच्याबरोबर वर वर जातो. मांडणी छतापर्यंत आहे आणि ती अशाच गाठोड्यांनी खच्चून भरलेली आहे. सबंध शहराच्या चादरी. पाच-सात सेकंदांचं दृश्य असेल. आम्ही ते पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं, कारण आमचे डोळे खालच्या इंग्रजी सबटायटलवर होते. मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्यामुळे त्यांच्याकडे बघण्यासाठी सगळा पडदा मोकळा होता. शिवाय त्यांची पितळेची घागर सावकाराच्या माडीवर दोन वर्षं पडून होती, हे त्यांनीच मग सांगितलं. सरांनी गोष्ट आधी का सांगितली, ते मला त्या दिवशी समजलं. गोष्टीची चिंता मिटल्यावर मावशी चादरींकडे बघायला मोकळ्या झाल्या होत्या.

मी पुढे चित्रपट रसास्वादाची शिबिरं केली, या विषयावरचं थोडंफार वाचलं. या सिनेमाबद्दल मावशींच्या प्रश्नापेक्षा चांगला प्रश्न माझ्या वाचण्यात आलेला नाही.

या कामाला आपल्या देशात परंपरा आहे आणि ती छोट्या जागांचीच आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने एक रुपया तिकीट लावून चित्रं हलवून दाखवली, ते हॉटेलातलं दालनच होतं. दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि वेड घेतलं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण मला त्यापुढची जास्त आवडते. भांडवल कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत बी पेरलं आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढताना दिसेल अशी छोटी फिल्म तयार केली. ती मोजक्या माणसांना बोलावून दाखवली. त्यावर पैसा उभा राहिला. म्हणजे १९१३ च्या मे महिन्यात कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला त्याच्या आधी एका खासगी खेळात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रेक्षकांसमोर, भारतीय सिनेमाचा फैसला झाला होता.

१९४७ मध्ये राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज झालं, राय अध्यक्ष. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकर, दिनकर गांगल ही मंडळी त्यात होती. नांदगावकरांनी पुढे महाराष्ट्रभर फिरून गावोगावी अशा संस्था उभ्या केल्या, शिबिरं घेतली, 'वास्तव रूपवाणी' हे नियतकालिक चालवलं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमा कसा पाहावा हे शिकवणारे सतीश बहादूर मूळचे आग्र्याचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तिथे फिल्म सोसायटी चालवत होते, म्हणून इकडे आले. आणि पी. के. नायर. त्यांच्याबद्दल बोलायचं तर वेगळी संध्याकाळ लागेल. १९६४ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाला त्यांनी हयात दिली. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं त्यांनी नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबाकडून मिळवलं. मधली दोन रिळं गेली. संग्रहालय म्हणजे कुलूप असं ते मानत नसत. प्रिंट बाहेर गेली पाहिजे, गावात लागली पाहिजे, ओरखडे पडले तर पडू देत, असा त्यांचा खाक्या होता. आमच्यासारख्यांना १६ एमएमच्या पेट्या मिळाल्या त्या या खाक्यामुळे.

पण मला कुणी विचारलं की हे काम सगळ्यात चांगलं कुठे झालं, तर मी महाराष्ट्राबाहेरचं नाव घेईन. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात, सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांमधलं खेडं आहे. तिथे १९४९ पासून 'नीनासम' ही नाट्यसंस्था आहे. के. व्ही. सुब्बण्णा तिचे प्राण. स्वतः सुपारीचे बागायतदार. १९७३ साली त्यांनी तिथे फिल्म सोसायटी काढली आणि पुढे खेड्यातल्या लोकांसाठी महोत्सव भरवला, राय, कुरोसावा, दे सिका, बर्गमन यांचा. शहरातल्या लोकांना वाटलं, हा काय खुळेपणा. शेतकरी येऊन बसले आणि बोलले. सुब्बण्णांनी कन्नडमध्ये सिनेमावर पुस्तकं लिहिली आणि छापली, कारण ज्या भाषेत माणूस भांडतो त्या भाषेत सिनेमाबद्दल बोलता आलं पाहिजे. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्ही सरांबरोबर एकदा हेग्गोडूला गेलो होतो. परत येताना बसमध्ये सर गप्प होते. मी विचारलं तर म्हणाले, "आपण सोसायटी चालवतो. ते गाव चालवतात."

या वाक्याचा अर्थ उलगडायला मला वीस वर्षं लागली, आणि आज तो या व्यासपीठावरून सांगायला हवा. आमची फिल्म सोसायटी चांगली होती, पण ती कुणाची होती? सभासदांची जुनी वही माझ्याकडे आहे. बँक, विमा कंपनी, कॉलेज, हायस्कूल, तीन डॉक्टर, दोन वकील. बायका होत्या त्या बहुतेक कुणाच्या तरी सौभाग्यवती म्हणून. नाल्यापलीकडच्या वस्तीतलं एकही नाव नाही. कुणी त्यांना मज्जाव केला नव्हता. आम्ही त्यांना बोलावलंही नव्हतं. वार्षिक वर्गणी, शिफारस करणारे दोन सभासद, आणि हा जिना. मावशी आत बसल्या त्या थंडीमुळे, आमच्यामुळे नाही. त्या प्रश्नावर आम्ही खूश झालो, आठवडाभर गावात सांगत फिरलो, पण पुढच्या महिन्यात त्यांच्यासाठी खुर्ची ठेवावी हे एकट्या सरांना सुचलं. महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायटी चळवळीने फार चांगले प्रेक्षक घडवले, हे मी शपथेवर सांगेन. ती पांढरपेशांच्या अंगणातून बाहेर फारशी पडली नाही, हेही त्याच शपथेवर.

पडद्यामागचं आणखी एक गुपित सांगतो, आता लपवण्यासारखं वय राहिलं नाही. सोसायट्यांना दाखवायच्या परदेशी चित्रपटांना सेन्सॉरमधून सूट असायची. सत्तरच्या दशकात गावोगावी सभासदांच्या रांगा लागल्या त्या काही सगळ्या कलेच्या ओढीने नव्हे. अमुक चित्रपटात 'तसलं' काही आहे अशी कुजबुज झाली की त्या शनिवारी खुर्च्या कमी पडायच्या, आणि पुढच्या महिन्यात ऋत्विक घटक असले की पंधरा माणसं. सरांनी यावर उपाय काढला. 'तसल्या' कुजबुजीच्या चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे दोन माहितीपट दाखवायचे, एक भातशेतीचा आणि एक धरणाचा. जे उरतील ते खरे. (हशा) आणि एकदा पूर्व युरोपातल्या एका चित्रपटाचं तिसरं रीळ मी दुसऱ्याच्या आधी लावलं. मला मध्यावर कळलं, घाम फुटला, पण सरांनी खूण केली, चालू दे. चर्चेत दोन वक्त्यांनी काळाच्या तुटक मांडणीची फार स्तुती केली. त्यांतले एक आज इथे आहेत. त्यांनी मला माफ करावं.

मग व्हिडिओ आला. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं, व्हीसीआर भाड्याने मिळायला लागला. रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागायचे. ज्या ऋत्विक घटकांसाठी आम्ही पेट्या वाहिल्या ते लोकांच्या घरात येऊ लागले, आणि लोक जेवून पडल्यापडल्या झोपू लागले. सभासद घटले. शेवटची पाच-सहा वर्षं सर, मी आणि मावशी एवढे कायमचे. प्रोजेक्टरच्या आवाज वाचणाऱ्या दिव्याचा सुटा भाग मिळेना, मग मशीन कपाटात गेलं. ते खालच्या मजल्यावर अजून आहे, येताजाता बघा.

आता कुठलाही सिनेमा खिशात आहे. 'बायसिकल थीव्ज' फोनवर सापडतो. तरुण मित्र मला विचारतात, आणि बरोबर विचारतात, की सगळं मिळत असताना इथे जिना चढून का यायचं? याला मी जुन्या आठवणींनी उत्तर देत नाही. त्या प्रिंट ओरबाडलेल्या असायच्या, आवाज विहिरीतून आल्यासारखा, उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव जायचा. त्यात पवित्र काही नव्हतं. पण सिनेमा मिळणं आणि सिनेमा दाखवला जाणं या दोन गोष्टी आहेत. फोनवर सिनेमा मिळतो. तो कुणी तुमच्यासाठी निवडलेला नसतो, तुम्ही उठून गेलात तर कुणाला कळत नाही, संपल्यावर दाराशी किल्ली घेऊन कुणी उभं नसतं. घरी बघितलेल्या सिनेमात मला मावशी भेटल्या नसत्या. त्यांनाही तो सिनेमा भेटला नसता, कारण तो शोधायला आधी त्याचं नाव माहीत असावं लागतं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे काम पुढे नेलं ते माहितीपट करणाऱ्यांनी. २००४ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात सेन्सॉर प्रमाणपत्राची सक्ती आणि मग निवड यांवरून वाद झाला, तेव्हा चित्रपटकर्त्यांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' या नावाने आपलेच खेळ लावले. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' तयार व्हायला १४ वर्षं लागली. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला झालेल्या गोळीबारात दहा माणसं गेली, तिथून तो सुरू होतो. २०११ साली तो पूर्ण झाला आणि वस्त्यांमध्ये, चाळींच्या मोकळ्या जागेत, पडदा बांधून दाखवला गेला. ज्यांच्यावर तो होता ती माणसं समोर बसलेली. तिथे वर्गणी नव्हती, शिफारस नव्हती, जिना नव्हता. आमच्या वहीत जी नावं नव्हती ती तिथे पहिल्या रांगेत होती.

सर जाण्याच्या वर्षभर आधी आम्ही पुन्हा सुरुवात केली. लॅपटॉप, छोटा डिजिटल प्रोजेक्टर, दोन स्पीकर. सगळं मिळून एका पिशवीत मावतं. सरांनी तो प्रोजेक्टर हातात घेऊन वजन पाहिलं आणि म्हणाले, "एवढाच? मग पायऱ्यांचं काय करायचं?" पहिला सिनेमा त्यांनीच निवडला, दामले-फत्तेलालांचा १९३६ चा 'संत तुकाराम'. मला वाटलं, हा सगळ्यांनी पाहिलेला आहे, कोण येणार? पण या खेपेला आम्ही खेळ वर लावला नाही. नाल्यापलीकडे शाळेच्या पटांगणात लावला, दोन बांबूंना पांढरं कापड ताणून. वारा होता, त्यामुळे विष्णुपंत पागनीस अधूनमधून फुगायचे. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतो आणि जिजाई मागे राहते, तेव्हा पोरं गरुडाकडे बघून टाळ्या वाजवत होती. बायका वाजवत नव्हत्या. त्या जिजाईकडे बघत होत्या. माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी, दहावीत असेल, तिच्या आईला विचारत होती, "आता म्हशीचं कोण बघणार?" मला वाटतं, सरांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

ती मुलगी आता आमच्या निवड समितीवर आहे. समिती म्हणजे चार जण, कुणी सगळ्या जगाचा सिनेमा पाहिलेला नाही, आणि भांडणं जोरदार होतात. वर्गणी बंद केली. दाराशी डबा ठेवतो. महिन्याचा एक खेळ या सभागृहात, एक बाहेर. इंग्रजी सबटायटल असतील तर गोष्ट आधी मराठीत सांगतो. संपूर्ण, शेवटासकट. ज्यांना ते आवडत नाही त्यांनी दहा मिनिटं उशिरा यावं.

खिडकीचा पडदा कुणी ओढताना दिसत नाही, पण चाळीस मिनिटं झाली आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट सांगून बसतो. समोरच्या भिंतीकडे नीट बघा. गेल्या पावसाळ्यात वरून पाणी झिरपलं, डाव्या कोपऱ्यात पिवळे डाग आले आहेत आणि खिळ्याभोवतीचा पोपडा आता खरोखरच सुटलाय. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता तिला पांढरा रंग द्यायचा आहे, तीन हात. रंग आणला आहे, ब्रश पाच आहेत. शिडी नाही. कुणाकडे बारा फुटी शिडी असेल तर खाली ग्रंथपालांकडे नाव द्या, न्यायला आणि परत पोचवायला मी येईन.